चोवीस बाटल्या आणि बाईसाहेब

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे, त्यामुळे हिच्यात खोटं लिहिण्याचं काही कारण नाही. रोज पहाटे पाचला उठून लिहायचं. (आज सात वाजले, कारण पाचचं उद्यापासून आहे.)

रिटायर होऊन तीन दिवस झाले. औषधांच्या गोदामात बत्तीस वर्षं काढली. लोकांना वाटतं, औषधं डॉक्टरला कळतात. डॉक्टर एका वेळी एक गोळी बघतो. मी एका वेळी अख्खा ट्रक बघितलाय. प्रत्येक खोक्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा लंबगोल स्टिकर, ‘तपासले’. तो लावणारा मी. बत्तीस वर्षांत एक स्टिकर तिरका गेला नाही. या बाबतीत माझा हात धरणारा कोणी झाला नाही आणि आता होणारही नाही, कारण माझ्या जागी आता मशीन आलंय.

सौ. काल लेकीकडे गेली. बाळंतपण मार्चच्या मध्यावर आहे, पण हिला धीर कुठला. निदान दीड महिना घर माझ्या ताब्यात. घर म्हणजे मी आणि मागच्या शेडमधल्या बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे सौ.ची शेळी. दोन दिवसांचं करडू होतं तेव्हापासून हिने बाटलीने दूध पाजून वाढवली. नंतर दोन वर्षं गाभ काही राहीना, सगळे म्हणाले विकून टाका. सौ. त्या सगळ्यांशी भांडली. यंदा गाभ राहिलाय, दीड महिना झाला. लेकीला आधीच सांगून ठेवलंय की नातवंडाबरोबर वाढायला एक करडू येणार. लेक पाचव्या मजल्यावर राहते, हा विचार कोणी केलेला दिसत नाही.

फ्रिजवर अकरा सूचनांचा कागद चिकटवून गेलीय. अकरावीखाली दोन रेघा: तिला काहीही नवीन देऊ नका.

३ फेब्रुवारी, दुपारी

एक गोष्ट लिहायची राहिली. गोदामातून येताना एक खोकं बरोबर आणलंय. जनावरांचं जंताचं औषध, चोवीस छोट्या बाटल्या. एक कोपरा दबलाय आणि एक्स्पायरी २८ फेब्रुवारी, एवढ्यावरून नष्ट करायच्या यादीत टाकलं होतं. चांगला माल नष्ट करायचा? मी मॅनेजरला विचारलं, नेऊ का. तो म्हणाला, न्या हो, न्या. फार भावुक झाला होता बिचारा, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

खोक्यावर स्वच्छ लिहिलंय: ‘गाभण व दुभत्या माद्यांना वारंवार देण्यासाठी तपासले.’

बाईसाहेब गाभण आहेत. अजून वाटीभर दूधही देतात. मादी तर आहेतच. हा योगायोग नाही. आणि ‘वारंवार’ म्हणजे वारंवार.

अकराव्या सूचनेचाही विचार केला. औषध नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी तयार झालेलं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.४०

(पाचला जाग आली होती. घड्याळाला नव्हती.)

पहिला डोस. अर्धी बाटली, अंदाजाने. बाटलीवर वजनाबिजनाचं काहीतरी बारीक अक्षरात आहे, पण ते किरकोळ गिऱ्हाइकांसाठी. आम्ही घाऊक माणसं खोकं वाचतो. खोक्यात घडीचा एक कागदही निघाला. मापाचा आहे, रोजनिशीत खुणेला ठेवला.

बाईसाहेबांनी सहकार्य केलं नाही. डावीकडून एक लाथ, उजवीकडून एक. शेवटी मी त्यांना गुडघ्यांत धरलं आणि पाजलं. थोडं माझ्या शर्टावर गेलं. शर्टालाही आता जंत होणार नाहीत.

उद्दिष्ट: २८ तारखेला शिल्लक शून्य. माझ्या कारकिर्दीत एक्स्पायर झालेला माल माझ्या छपराखाली कधी राहिलेला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यश! लेंड्यांत जंत सापडला. पांढरा, दोन इंच. चिमट्याने काढून काचेच्या बरणीत ठेवला. हेडबाईंना दाखवायला नेला. हेडबाई म्हणजे शेजारच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि ही पोत्याची सुतळी आहे असं म्हणाल्या.

शिक्षक माणूस. चुका काढण्याची सवय जाता जात नाही.

६ फेब्रुवारी, सायंकाळी

सुतळीच होती. पण सुतळी पोटात गेली कशी आणि बाहेर आली कोणामुळे? औषधामुळेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा डोस, उरलेली अर्धी. शिल्लक २३.

सौ.चा फोन. जेवलात का, दूध आलं का, गॅस बंद केला का. मग म्हणाली फोन तिच्या कानाला लावा. लावला. दहा मिनिटं दोघींचं काय काय चाललं होतं, बाईसाहेब मधून मधून बें करत होत्या. माझ्याशी दोन मिनिटंसुद्धा बोलली नाही. मला या गोष्टीचं काही वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

लेकीला सर्दी झालीय म्हणे. डॉक्टरांनी या दिवसांत साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं बजावलंय. हल्लीच्या मुली फार नाजूक.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरा डोस. अर्धी बाईसाहेबांना. उरलेली अर्धी अंगणात येणाऱ्या मांजरीला, दुधातून. (मादीच आहे. खोक्यावरचा नियम मी काटेकोर पाळतो.) शिल्लक २२.

बाईसाहेबांच्या तोंडातून लाळ गळतेय. तोंडाला पाणी सुटलंय, म्हणजे भूक वाढली. समोर पाल्याचा भारा टाकला. खाल्ला नाही. निवडून खाणार असतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.१५

आज हिशोब केला आणि धस्स झालं. बावीस बाटल्या, सोळा दिवस, एक शेळी. या गतीने जून उजाडेल. त्यात फेब्रुवारी! कुठल्याही दुसऱ्या महिन्यात दोन दिवस जास्त मिळाले असते.

दोन निर्णय. एक, बाईसाहेबांना आता एक दिवसाआड. दोन, प्रोग्रॅमचा विस्तार.

मांजरीला शोधलं, मिळाली नाही. परवापासून फिरकलेली नाही. ठणठणीत बरी झाली असणार. बरं झाल्यावर दवाखान्यात कोण येतं.

हेडबाईंची कुत्री कुंपणापाशी उभीच होती. बिस्किटात अर्धी बाटली भिजवून दिली. हेडबाई आत होत्या, उगाच त्रास कशाला द्या. अर्धी बाईसाहेबांना. शिल्लक २१.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हेडबाई येऊन गेल्या. कुत्री सकाळपासून थरथरतेय, लाळ गाळतेय आणि कपाटाखालून बाहेर यायला तयार नाही, काही कळत नाही म्हणाल्या. मी म्हटलं हवा बदललीय. त्या म्हणाल्या हवेने कुत्री कपाटाखाली जात नाही. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या वर्गातल्या पोरांची मला पहिल्यांदाच कीव आली.

बाईसाहेबही थरथरतायत. माझं निदान: आत जंतांची पळापळ चाललीय, तीच बाहेरून दिसते. म्हणजे औषध बरोबर जागी पोचलंय.

दूध: अर्धी वाटी. काल पाऊण होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डोस.

सौ.चा फोन. नेहमीप्रमाणे फोन बाईसाहेबांच्या कानाला. त्या गप्प. मी खांद्याला हलवलं, चुटक्या वाजवल्या, पाला दाखवला. काही नाही. पलीकडून सौ. हाका मारतेय, बाईसाहेब, अगं बोल ना गं. आवाज चिरकायला लागला तिचा.

मग मी बें केलं.

मुळात मी हे करणार नव्हतो. पण बायको काळजीत असताना नवऱ्याने काय करायचं? दोनदा केलं. दुसरं जास्त चांगलं जमलं. सौ. एकदम गप्प झाली. नंतर म्हणाली की तिचा आवाज बसलाय का? मी म्हटलं थोडा. तिने ओवा आणि गरम पाणी सांगितलं.

गरम पाणी मी घेतलं. घसा खरंच दुखत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोस. शिल्लक २०. काही वेळाने १९, कारण लाथेने एक फुटली. (लाथ जुन्या जोराची नव्हती. बाटली काठावर होती.)

बाईसाहेब चालताना मागच्या पायात अडखळतायत. दिवसभर बसून असतात. दूध बंद. आराम आणि आहार यांतला आराम उत्तम चालू आहे.

फोन. आज सराव करून बसलो होतो. तीनदा बें, मध्ये थोडं थांबून, शेवटी रवंथ केल्यासारखा आवाज. रवंथ माझा स्वतःचा विचार. सौ.ने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, जेवलात का? मी सवयीने हो म्हटलं. मग लक्षात आलं की फोन अजून शेळीच्या कानाला असायला हवा होता.

तिच्या काही लक्षात आलं नसावं. तिने लगेच फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हेडबाईंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. कुत्रीला सुई देऊन झाल्यावर त्या कुंपणावरून थेट आमच्या शेडमध्ये. कोणी बोलावलं? वय असेल तीस. मी गोदामात लागलो तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

बाईसाहेबांचे डोळे बघितले, पोटाला हात लावला, पाय बघितले. काय दिलं असं विचारलं. मी म्हटलं साधं जंताचं. किती वेळा? मी म्हटलं दोनदा-तीनदा. (सहा म्हणजे दोनदा तीनच. गुणाकार आहे.) बाटली मागितली. मी म्हटलं बाटली कशाला, खोकं वाचा. त्यांनी बाटलीच वाचली आणि कपाळाला हात लावला.

नंतर अर्धा तास मलाच डोस पाजला. जंत असलेच तर पहिल्या डोसातच गेले, पुढचे सगळे डोस सरळ शेळीच्या अंगावर पडले. आधी लेंड्या तपासायच्या असतात, मग औषध. तेच तेच औषध पुन्हा पुन्हा दिलं की यकृतावर येतं, नसांवर येतं, दूध आटतं, आणि मादी गाभण असेल, त्यातून पहिल्या दोन महिन्यांत असेल, तर पोटातल्या पिल्लावर येतं. लेंड्यांचा नमुना घेऊन गेल्या. जाताना बोट नाचवून म्हणाल्या की आता पुढचा डोस द्यायचा नाही.

सौ.ला कळवा असंही म्हणाल्या. कळवेन. योग्य वेळी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांचा मान राखला. पुढचा डोस दिला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेंड्यांचा रिपोर्ट: जंत आढळले नाहीत. एकही नाही.

शंभर टक्के यश. डॉक्टरीणबाईंनी ते फोनवर ज्या आवाजात सांगितलं त्यात अभिनंदनाचा सूर नव्हता, पण तरुण माणसांना मोकळेपणाने कौतुक करता येत नाही.

हेडबाई म्हणाल्या की जंत शेळीच्या पोटात नाहीत, किडा तुमच्या डोक्यात वळवळतोय. मी हसून सोडून दिलं. दुपारभर सोडून देत होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९

नीट विचार केला. पुढचा डोस द्यायचा नाही, असं सांगितलं होतं. पुढचा म्हणजे अठराचा. तो दिला नाही. त्याच्या पुढच्याबद्दल त्या काहीही बोललेल्या नाहीत. बत्तीस वर्षं लेखी आदेशांवर काम केलंय, शब्दाचा अर्थ मला कळतो.

आठ दिवस, एकोणीस बाटल्या. अठराचा राहिलेला धरून आज पूर्ण बाटली दिली. यावेळी लाथ नाही, काही नाही. तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही, उघडंच होतं. चांगली सवय लागलीय. शिल्लक १८.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार

सकाळी बाईसाहेब उठल्या नाहीत.

आडव्या पडल्या होत्या, मान मागे टाकून. डोळे उघडे, पण माझ्या हाताकडे वळत नव्हते. मी हाक मारली. पाला दाखवला. बें केलं. शपथेवर सांगतो, चांगलं केलं होतं.

मग घाबरलो. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो: फार घाबरलो. गोदामातून आणलेली दोन चाकांची ट्रॉली होती, तिच्यावर गोणपाट टाकलं, वर बाईसाहेब, आणि धावत निघालो. ‘काळजीपूर्वक हाताळा’ ट्रॉलीवरच लिहिलेलं होतं. माणसं रस्त्यात थांबून बघत होती. एकाने विचारलं, कुठे निघाली स्वारी? मला दम लागला होता आणि रडूही येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी सलाइन लावलं, मग विचारलं, खरं सांगा, किती? मी म्हटलं आठ डोस, कालची पूर्ण बाटली म्हणजे दोन धरून. पहिल्यांदाच खरा आकडा मोठ्याने म्हटला. त्यांनी आकडा लिहून घेतला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सौ.ला फोन लावला. तोंड उघडायच्या आत म्हणाली की ती गाडीतच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सौ. घरी न येता थेट दवाखान्यात आली. लेकीला विहीणबाईंवर सोपवून आली. बाईसाहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि कानामागे खाजवत राहिली. संध्याकाळी बाईसाहेबांनी तिचा पदर चघळायला घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हे चांगलं लक्षण आहे. पदर नवा होता.

घरी येताना मी विचारलं, तुला कळलं कसं? म्हणाली, पहिल्याच बेंला कळलं. तीस वर्षं शेजारी झोपून घोरणं ऐकतेय, तुमचा आवाज मी कुठेही ओळखेन. हेडबाईंना फोन लावत होते, बाकीचं त्यांनी एकोणीसला रिपोर्ट आल्यावर सांगितलं.

मग दोन दिवस आणखी का थांबलीस, असं विचारणार होतो. मग लक्षात आलं की लेकीला टाकून यायचं ठरवायला दोन दिवस लागतात. शिवाय तिला वाटलं असेल की डॉक्टरांनी सांगितल्यावर तरी मी ऐकेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईसाहेबांची सोनोग्राफी.

दोन होती. एक आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेल्याचं हृदय चालू आहे, पण ते जन्मताना कसं असेल हे आत्ता सांगता येणार नाही, वाट बघायची. सौ.ने पडद्यावरचा तो हलणारा ठिपका बोटाने दाखवून पुन्हा पुन्हा विचारलं, हेच ना? हेच ना?

घरी येऊन रजिस्टर काढलं. आवक दोन, शिल्लक एक, आणि त्यापुढे ‘तूट’ लिहायला गेलो. लिहिता आलं नाही. बत्तीस वर्षं हा शब्द रोज लिहिलाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाईसाहेब घरी आल्या. शेडमध्ये नाही, हॉलमध्ये. माझ्या खुर्चीची जागा त्यांना दिली आहे, खुर्ची शेडमध्ये आहे. बसायला तितकी वाईट नाही. वारा चांगला येतो.

सौ. ही रोजनिशी वाचतेय, हे आज कळलं. आत खूण म्हणून ठेवलेला कागद तिने काढला आणि मोठ्याने वाचायला लागली. औषधाचा कागद होता तो. वारंवार दिल्यास माद्यांमध्ये दिसणारे दुष्परिणाम: लाळ गळणे, खाणे बंद होणे, अंग थरथरणे, दूध कमी होणे, मागचे पाय अडखळणे, गाभणपणात पिल्लाला इजा. एकेका शब्दाला ती रोजनिशीचं पान उलटत होती. दहा तारीख, लाळ. तेरा तारीख, थरथर. सोळा, पाय. माझीच रोजनिशी कोणीतरी आधीच छापून ठेवली होती, फक्त तारखा सोडून.

मी म्हटलं की कागदावर काहीही असलं तरी खोक्यावर वेगळं आहे. माझं चुकलं असेल तर कंपनीचं आधी चुकलं. कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे. उद्याच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पत्राचा मसुदा, चार पानी. मांजर परत आली. लांबून माझ्याकडे बघितलं आणि कुंपणावरून हेडबाईंकडे गेली. त्यांच्या कुत्रीच्या ताटलीत जेवते म्हणे. दोघींचं पूर्वी पटत नसे. आता काहीतरी समान विषय निघाला असावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक्स्पायरी. शिल्लक १८. डॉक्टरीणबाई नीट नष्ट करायला घेऊन जाणार आहेत, म्हणून सौ.ने खोकं बाहेर आणायला सांगितलं. मी म्हटलं आधी वाच, मग बोल. आणि मोठ्याने वाचून दाखवलं: गाभण व दुभत्या माद्यांना वारंवार देण्यासाठी तपासले.

तिने चष्मा लावला. विचारलं, हा शेवटचा शब्द हिरवा का आहे?

मी म्हटलं, तो स्टिकर आहे. माझाच. बत्तीस वर्षांत डोळ्यांना इतका सवयीचा झालाय की वेगळा दिसतच नाही, खोक्याचाच भाग वाटतो. बघ, एका रेषेत आहे की नाही, जरा तरी तिरका आहे का?

ती म्हणाली, अजिबात नाही. मग नखाने एक कड उचलली आणि हळूच ओढला.

खाली छापलेलं होतं: नाही.

स्टिकर तिच्या बोटाला चिकटून राहिला होता. तिने तो रोजनिशीच्या या पानावर लावला, आजच्या तारखेशेजारी, तिरका.

मला एकच गोष्ट आठवत राहिली. मी तपासायचो म्हणजे खोकी मोजायचो आणि कोपरे दाबून बघायचो. उघडून एकही वाचलं नाही. सील फोडायचं नाही असा नियमच होता. दिवसाला दोनशे खोकी, प्रत्येकावर स्टिकर त्याच जागी, खालच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या शब्दावर. आणि आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटीच येतं. ‘लहान मुलांसाठी’ अशी सुरुवात असलेली खोकी आठवली. ‘उपाशीपोटी घेण्यासाठी’ वाली आठवली. मग उठून पाणी प्यायलो आणि आठवणं बंद केलं. पुन्हा सुरू झालं.

कंपनीला लिहिलेलं पत्र फाडलं. आता गोदामाला लिहायचं आहे. ते चार पानी नसेल. मी लावलेल्या स्टिकरखाली काय आहे ते बघा, एवढंच.

२८ फेब्रुवारी, सायंकाळी

पत्र टाकलं. आधी सौ.ला वाचायला दिलं. तिने एक काना दुरुस्त केला.

साडेसहाला हॉलमधून बें असा आवाज आला. स्पष्ट, जोरात, दोन आठवड्यांनंतर पहिल्यांदा.

सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, तुम्ही की ती?

मी म्हटलं, मी नाही.

ती बाहेर येऊन तपासून गेली.